न दुखणाऱ्या आजाराची गोळी

वाढलेला रक्तदाब सहसा दुखत नाही. ताप उतरला की औषध बंद, ही घरोघरची रीत; पण बीपीची गोळी घेतल्याने त्या दिवशी बरे वाटत नाही आणि चुकवल्याने लगेच बिघडतही नाही. गोळी सुटण्याचे मूळ इथेच आहे.

गारखेडा हे औरंगाबादच्या दक्षिणेचे वेगळे खेडे होते, त्या काळात रक्तदाबावर खात्रीचे औषधच नव्हते. मीठ तोडायचे आणि विश्रांती घ्यायची, एवढाच उपाय. पहिला मोठा बदल मुंबईत घडला. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या मुळीचे ५० रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले. वैद्यांच्या जुन्या ओळखीची ही मुळी त्यामुळे जगभरच्या डॉक्टरांपर्यंत गेली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातले रिसर्पिन वेगळे काढले गेले आणि १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पण रिसर्पिनने नाक चोंदे, काहींना खोल खिन्नता येई. पाठोपाठ आलेल्या थायझाइड गोळ्यांनी वारंवार लघवीला जावे लागे. काहीच होत नसलेल्या माणसाला औषधानेच त्रास सुरू झाला, तर त्याने गोळी टाकून द्यावी यात नवल नव्हते. त्याला हलगर्जी म्हणणे अन्यायाचे होते.

औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. त्याचे रुग्णालय म्हणजे आजची घाटी. पुढे शहर पसरले, १९८२ साली महापालिका झाली आणि गारखेडा परिसर वस्त्यांनी भरला. १९८९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठानचे डॉ. हेडगेवार रुग्णालय इथेच उभे राहिले. तपासणी घराजवळ आली. गोळी मात्र दर महिन्याला नव्याने विकत घ्यायचीच असते. हात आखडला की मेडिकलवरून पूर्ण पट्टीऐवजी पाच-सहा गोळ्या कापून आणल्या जातात. त्या संपल्या की चार दिवसांचा खंड पडतो. ‘एकदा लागली की जन्माची लागते’ ही भीतीही मोठी आहे. तिच्यापायी कित्येक जण एक दिवसाआड गोळी घेतात, तर काही जण आकडा चांगला आला की थांबतात. तो आकडा गोळीमुळेच चांगला आलेला असतो.

आजार समजावून सांगितला की माणूस गोळी घेईल, हा समज कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये पारखला गेला. पोलाद कारखान्यातल्या कामगारांवरचा तो अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. शिकवलेल्या कामगारांचे ज्ञान वाढले, गोळ्या घेणे वाढले नाही. कामाच्या जागीच डॉक्टर दिल्यानेही फरक पडला नाही. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात गोळी टाळणाऱ्यांना स्वतःचा दाब मोजून लिहून ठेवायला लावले, गोळीची सांगड रोजच्या एखाद्या सवयीशी घातली आणि दर पंधरवड्याला विचारपूस केली. तेव्हा मात्र सुधारणा दिसली. सकाळच्या चहाबरोबर गोळी घेणाऱ्या घरांना ही युक्ती न शिकवता साधलेली असते.

औषधेही बदलली. ॲम्लोडिपिनची गोळी दिवसातून एकदाच पुरते. तिचा अंमल हळूहळू ओसरतो, त्यामुळे एखादा दिवस चुकला तरी दाब एकदम उसळत नाही. तरीही श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजारांचे निम्मेच रुग्ण औषध नीट घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली नोंदवले.

भारतात २०१७ साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने हा प्रश्न व्यवस्थेच्या बाजूने हाती घेतला. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे पहिले जिल्हे होते. मराठवाड्यातला एकही जिल्हा त्यांत नव्हता, ही उणीव खटकणारी होती. उपक्रमात ठरावीक मोजकीच औषधे ठेवली गेली, एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या मोफत दिल्या गेल्या आणि प्रत्येक रुग्णाची नोंद राहिली. ठरल्या तारखेला जो आला नाही, त्याला आरोग्य कर्मचारी फोन करून बोलावू लागले.