उसन्याचं उसनं

उसनी आणलेली वस्तू तिसऱ्याला उसनी देऊ नये, असं आमची आई सांगे. मी बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, पण हे शास्त्र काही शिकलो नाही. शिरूर-चौफुला रस्त्यावरच्या न्हावऱ्याला असताना शेजारच्या अण्णांनी त्यांच्या वडिलांची एक वही मला वाचायला दिली. कोणत्या साली पाऊस केवढा, ज्वारी किती पोती, सगळं टपोऱ्या अक्षरात. ती मी एका सहकाऱ्याला वाचायला दिली. दुसऱ्याच्या वस्तूबाबत माझं मन फार मोठं आहे.

परवा संगणकातला भाचा आला. म्हणाला, "मामा, एका सर्व्हरवरच्या फाइली लिनक्सच्या दुसऱ्या सर्व्हरला जोडायच्या आणि त्यानं त्या पुढं इतरांना वापरायला द्यायच्या. याला री-एक्स्पोर्ट म्हणतात."

"म्हणजे उसन्याचं उसनं!"

भाच्यानं प्रथमच माझ्याकडे आदरानं पाहिलं.

मग इतिहास निघाला. १९८२ साली अमेरिकेत सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी निघाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा, त्यामुळे मी सावरून बसलो. त्या कंपनीनं १९८४ साली एनएफएस ही पद्धत काढली. लांबच्या यंत्रातली फाइल आपल्याच कपाटात असल्यासारखी उघडायची. गंमत म्हणजे, कुणी काय नेलं याची नोंद सर्व्हर ठेवतच नसे. फाइलीची ओळखचिठ्ठी नेणाऱ्याच्या हाती. दर वेळी ती दाखवायची. सर्व्हर बंद पडून उठला तरी चिठ्ठी चाले. आमच्या बँकेत असा कारभार केला असता, तर मी लेख नव्हे, खुलासा लिहीत बसलो असतो.

घोळ होतो तो मध्यस्थामुळे. त्याला मूळ चिठ्ठी आपल्या पाकिटात घालून पुढं द्यावी लागते. दुसऱ्या आवृत्तीत चिठ्ठी ३२ बाइटांची होती. १९९५च्या तिसऱ्या आवृत्तीत मर्यादा ६४ झाली, चौथीत १२८. पाकिटात पाकीट घालताना ही जागाही अपुरी पडू शकते. शिवाय माल परका, म्हणून त्याला 'एफएसआयडी' हा ओळखक्रमांक नेमून द्यावा लागतो. लिनक्सच्या एका जुन्या सर्व्हरच्या माहितीपत्रकात तर इशाराच होता: आपलाच माल आपणच उसना घेऊन पुढं दिलात, तर घेणारा देणाऱ्याची आणि देणारा घेणाऱ्याची वाट पाहत दोघेही गोठतील. हे दृश्य मी कचेऱ्यांतून पाहिलेलं आहे.

"आणि मधला सर्व्हरच बंद पडून उठला तर?" मी विचारलं.

"पूर्वी फाइलींना लावलेली कुलपं जायची, मामा. एरवी सर्व्हर उठला की थोडी सवलतीची मुदत असते. ज्यानं त्यानं आपला हक्क पुन्हा सांगायचा. पण इथं मूळ सर्व्हर बंद पडलेलाच नसतो. मग तो कशाला मुदत देतो? त्याला काही झाल्याचं ठाऊकच नसतं."

मी गप्प झालो. न्हावऱ्याहून माझी बदली झाली, तेव्हा माझंही असंच झालं होतं. नव्या गावी नवं टेबल, नवा साहेब. वही डोक्यातून पार पुसली गेली. सहकाऱ्याचीही बदली झाली. अण्णा निवांत होते, त्यांच्या हिशेबी वही माझ्याकडेच होती. दोन वर्षांनी त्यांनी ती मागितली, तेव्हा सगळीकडे शोधलं. मिळाली नाही.

"वडलांचं अक्षर तेवढंच राहिलं होतं," एवढंच ते म्हणाले.

निघताना पाऊस आला. अण्णांनी आतून छत्री आणून माझ्या हातात दिली.

"फक्त पुढं कुणाला देऊ नका हं."