शब्दवेध : अँप्यूल

दवाखान्यात परिचारिका ज्या काचेच्या कुपीची मान मोडून सिरिंजमध्ये औषध ओढून घेते, त्या ‘अँप्यूल’चे मूळ लॅटिन ‘अँपुला’ या शब्दात, म्हणजे ‘अँफोरा’ नामक दोन कानांच्या कुंभाच्या लघुत्वदर्शक रूपात आहे. ११७० साली कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये आर्चबिशप टॉमस बेकेट यांचा वध झाल्यानंतर, त्यांच्या रक्ताचा अंश ज्यात आहे अशी श्रद्धा होती ते तीर्थ, कथील-शिशाच्या ज्या चिमुकल्या कुपीत भरून यात्रेकरू गळ्यात बांधून नेत, तिचेही नाव अँपुलाच. आणि रोगनिवारण हेच तिचेही प्रयोजन. थेम्सच्या गाळात सापडणाऱ्या अशा कुप्या व यात्राचिन्हे आज संग्राहक मोल देऊन घेतात. परंतु प्राप्तिस्थळाची दफ्तरी नोंद नसलेली वस्तू इतिहासाला मुकीच, म्हणून संग्राहकांनी किमतीआधी ती नोंद मागावी.