कर्करोगातील रक्तगुठळ्या (भंडारा जिल्हा)

कर्करोग्याच्या नीलेत, बहुधा पायाच्या खोल नीलेत, रक्त साकळून उद्भवणारी गुंतागुंत. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला की एकाएकी धाप लागते, छातीत कळ येते; कधी मृत्यूही ओढवतो. फ्रेंच वैद्य आर्मां त्रूसो यांनी कर्करोग आणि गुठळ्यांचा हा संबंध १८६५ मध्ये मांडला. पुढे स्वतःच्याच नीलेत गुठळी झाल्यावर त्यांनी आपला रोग ओळखला आणि १८६७ मध्ये ते जठराच्या कर्करोगाने वारले.

कर्करोगाच्या गाठीतील पेशी रक्त गोठवणारी द्रव्ये सोडतात. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, शिरेत ठेवलेली नळी आणि अंथरुणाला खिळणे यांची त्यात भर पडते. स्वादुपिंड व जठराच्या कर्करोगांत धोका सर्वांत जास्त असतो. खर्ऱ्यापायी (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणापायी) विदर्भात फोफावलेल्या तोंडाच्या कर्करोगात तो त्यामानाने कमी, पण मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वाढतो.

भंडाऱ्यात खरी अडचण ओळखण्याची आहे. हा धानाचा, तलावांचा जिल्हा हत्तीरोगग्रस्त असल्याने सुजलेला पाय इथे कुणाला नवलाचा वाटत नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तर चिखलात उभे राहिल्याने सूज आली, असे म्हणून तेल लावून पाय चोळला जातो. गुठळी असताना जोराने चोळणे धोक्याचे. हत्तीपाय वर्षानुवर्षे वाढतो, कातडी जाड होते. गुठळीची सूज दोन-चार दिवसांत, बहुधा एकाच पायाला येते, पोटरी दुखते आणि हाताला गरम लागते. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाचा पाय असा सुजला तर त्याच दिवशी कलर डॉपलर (नीलेतील रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करावा. हत्तीरोगाचा जुना रुग्ण असला तरीही. पूर्व विदर्भात आढळणारा सिकलसेल आजारही गुठळ्यांना पोषक ठरतो, त्यामुळे त्याची विचारपूस व्हायलाच हवी.

उपचारात हेपारिनची पोटावर टोचायची इंजेक्शने किंवा अपिक्साबान, रिव्हारोक्साबान यांसारख्या गोळ्या, निदान तीन ते सहा महिने देतात. कर्करोग सक्रिय असेल तर पुढेही. जठर-आतड्यांत गाठ असल्यास काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो, तिथे इंजेक्शनच बरे. वॉर्फरिनची गोळी स्वस्त, पण तिला वरचेवर रक्ततपासणी लागते. कर्करोगाचे बरेच उपचार भंडारा शहरापासून सुमारे साठ किलोमीटरांवरच्या नागपुरात, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयासारख्या ठिकाणी होतात. जिल्ह्यातील लाखांदूरच्या रुग्णाला नुसत्या तपासणीसाठी सारखी ही वारी कशी परवडणार? सूज उतरली की गोळ्या आपल्या मनानेच थांबवल्या जातात, आणि गुठळी पुन्हा होते.