जोतीरावांचा वारस कोण? कागद काय सांगतात

दरवर्षी ११ एप्रिल जवळ आला की एक प्रश्न फिरू लागतो. जोतीरावांना मूलबाळ नव्हते, मग यशवंत कोण? हा प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे असतात. पहिले खवचटपणे सुचवतात की बघा, फुल्यांचा वारस शेवटी ब्राह्मण बाईच्या पोटचाच निघाला. दुसरे आपल्यातलेच असतात. ते या प्रश्नाने अवघडतात आणि यशवंतच्या जन्मदात्रीची जात सांगायचे टाळतात. आम्हाला दोघेही चुकीचे वाटतात, कारण दोघेही एकच गोष्ट गृहीत धरतात : वारसा रक्तातून येतो.

बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ त्यांनी जोतीरावांना अर्पण केला. त्या अर्थाने जोतीराव-सावित्रीबाई आपले पूर्वज आहेत. पूर्वजांच्या घरात काय घडले हे ऐकीव गोष्टींवर न सोडता कागदांतून तपासले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

पहिला कागद म्हणजे सावित्रीबाईंचे १८५६ सालचे पत्र. त्या आजारपणात माहेरी नायगावला होत्या. भावाने त्यांना सुनावले की महार-मांगांसाठी तुम्ही नवरा-बायको जे करता ते पाप आहे, म्हणूनच तुम्ही वाळीत पडलात. सावित्रीबाईंनी त्याला त्याच्याच वागण्यातले उदाहरण दिले. तू गाय-बकरीला माया लावतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस आणि माणसाला अस्पृश्य मानतोस, असे त्या म्हणाल्या. हे सारे त्यांनी पत्रातून जोतीरावांना कळवले. १८४९ साली वडिलांनी घराबाहेर काढले होतेच. सासर सुटले आणि माहेरही बोलू लागले. फुल्यांचे कुटुंब हे असे तुटत गेले आणि तुटता तुटताच नव्याने उभे राहिले.

दुसरा कागद १८६८ सालच्या पत्राचा. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जुळले. सारजा गरोदर होती. गाव दोघांना मारायला उठले. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला आणि दोघांना जोतीरावांकडे पाठवून दिले. दोन जातींतून जन्माला येणाऱ्या मुलाकडे हे जोडपे कसे पाहत होते, ते यशवंतच्या जन्माआधी काही वर्षे इथे लिहून ठेवलेले आहे.

तिसरा कागद सरकारी आहे. मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे काढली, त्यावर जोतीरावांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी सरकारला आपले मत कळवले. त्यात काशीबाई या तरुण ब्राह्मण विधवेची हकीकत आहे. ती जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकीण होती. एका शास्त्र्याने तिला फसवले, तिने जन्मलेले मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तो शास्त्री मोकळा राहिला. यानंतर १८६३ मध्ये फुल्यांनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. ३५ विधवा तिथे येऊन बाळंत झाल्याचे त्यांनी त्याच मजकुरात नोंदवले आहे.

इथे एक गोंधळ दूर केला पाहिजे. यशवंतच्या आईचे नावही काशीबाईच सांगितले जाते, म्हणून भाषणांमध्ये दोघींची एकच गोष्ट करून टाकतात. पण पहिल्या काशीबाईचे मूल मेले आणि ती अंदमानात गेली. यशवंतचा जन्म १८७४ चा, म्हणजे गृह सुरू झाल्यावर अकरा वर्षांनी. तारखा शेजारी ठेवल्या की दोन बाया वेगळ्या होतात. एकीला वाचवता आले नाही म्हणून दार उघडले गेले, आणि त्या दारातून दुसरी आत आली. दोघींना एक करणे म्हणजे एकीचे दुःख पुसून टाकणे.

यशवंतला फुल्यांनी मुलगा मानले. पण मानून भागत नव्हते. त्या काळच्या हिंदू कायद्यात दत्तक मुलगा दत्तक घेणाऱ्याच्याच जातीचा लागे आणि आई-बापाने तो विधिपूर्वक द्यावा लागे. ब्राह्मण विधवेचा बिनबापाचा मुलगा माळ्याच्या घरात दत्तक टिकणार कसा? उद्या भाऊबंद दावा घेऊन उभे राहिले असते. म्हणून जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र केले आणि सावित्रीबाई व यशवंत यांचा हक्क कागदावर आणला. त्यातही एक अट घातली. यशवंत नालायक निघाला तर हा वारसा शूद्र समाजातल्या दुसऱ्या लायक मुलाकडे जावा. म्हणजे यशवंत जन्माने वारस नव्हता आणि नुसत्या मायेनेही नव्हता. वारसा वागण्याने टिकवायचा होता. रक्ताचा हिशेब मांडणाऱ्या दोन्ही गटांना याहून स्पष्ट उत्तर कोणते द्यायचे?

४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंतचे लग्न हडपसरच्या ज्ञानोबा ससाणे यांच्या मुलीशी सत्यशोधक पद्धतीने झाले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. तेव्हा टिटवे धरण्याचा यशवंतचा हक्क भाऊबंदांनी नाकारला, आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेऊन अंत्ययात्रेपुढे चालायला सुरुवात केली. मृत्युपत्राने मालमत्तेचा प्रश्न सुटतो, जातीच्या मनाचा सुटत नाही.

तो प्रश्न पुढे बाबासाहेबांनी हाती घेतला. हिंदू कोड बिलात लग्न आणि दत्तक यांसाठी एकाच जातीची अट नको, अशी तरतूद होती. एका माळ्याला १८८७ साली आपल्या एका मुलासाठी जे मृत्युपत्रातून करावे लागले, ते बाबासाहेब देशातल्या प्रत्येक घरासाठी कायद्यातून करू पाहत होते. ते बिल अडवले गेले आणि १९५१ साली त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. आपला वारसा कुठून कुठे येतो ते इथे दिसते.

आणि यशवंत? तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी त्याला बोलावून हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना काढला. मुंढव्याच्या महारवाड्यातला आजारी मुलगा तिथे आणल्यानंतर त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. यशवंतने अट पाळली होती. आपण पाळली का? त्याच्या मागे त्याच्या विधवेला हलाखीत दिवस काढावे लागले. गंज पेठेतला वाडा आज स्मारक आहे, तिथे आपण हार घालतो. पण त्या घरातल्या शेवटच्या बाईकडे समाजाने पाहिले नाही, हेही आपल्याच इतिहासात लिहिले पाहिजे.

म्हणून तरुण मित्रांना आमचे एक सांगणे आहे. आपापल्या घरातले कागद शोधा. शाळेचे दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदी, वतनाचे कागद, पलटणीतल्या पणजोबांची पेन्शनची पुस्तके. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा जात पडताळणीला लागतो म्हणून आपण ते शोधतोच, पण प्रमाणपत्र मिळाले की बासनात बांधून ठेवतो. त्यांतली नावे वाचा. कुणी पाट लावलेली आजी सापडेल, कुणी टाकलेली बाई, कुणी दुसऱ्याच्या घरी वाढलेले पोर. लाजून ती नावे गाळू नका. जोतीरावांनी अशाच एका पोराचे नाव आपल्या मृत्युपत्रात लिहिले, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे.

जय जोती, जय भीम.