काळा फ्रान्स, उजळ फ्रान्स

नकाशा समोर आला की आपण आधी रंग बघतो. आकडा मागाहून, तोही मनात आलं तर. मोबाइलवर तर कोपऱ्यातली रंगसूची इतकी बारीक असते की ती वाचायला बोटांनी स्क्रीन ताणावी लागते. निवडणुकीच्या रात्री किंवा कोरोनाच्या दिवसांत ही तसदी कितीजणांनी घेतली असेल? मला मात्र या सवयीचं मूळ 1826 सालच्या पॅरिसमध्ये दिसतं.

त्या वर्षी शार्ल द्युपँ या गणितज्ञाने फ्रान्सचा एक नकाशा मांडला. किती लोकसंख्येमागे एक मुलगा शाळेत जातो, हे त्याने जिल्हावार काढलं. (मुली हिशेबातच नव्हत्या.) जिथे शाळकरी मुलं कमी, तो जिल्हा जास्त काळा. आकड्यांप्रमाणे जिल्ह्यांना छटा देणारा हा पहिला नकाशा मानला जातो. ईशान्य फ्रान्स उजळ, बाकीचा बराचसा देश काळवंडलेला. पश्चिमेच्या सें-मालो बंदरापासून जिनिव्हापर्यंत रेघ मारावी, इतका उघड फरक.

नकाशा गाजला, आणि त्यात नवल नाही. एकच प्रश्न, एकच रंग. ऐंशीहून जास्त जिल्ह्यांचा तक्ता वाचून जे हाती लागलं नसतं, ते एका नजरेत कळत होतं. पण आकडा द्युपँने मोजला होता आणि काळा रंग त्याने निवडला होता, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अज्ञान म्हणजे अंधार हे आपल्याही भाषेत इतकं मुरलंय की ही निवड आहे हेच ध्यानात येत नाही. काळा जिल्हा म्हणजे अडाणी, अडाणी म्हणजे गुन्हेगार. उरलेलं वाक्य बघणारा स्वतःच पुरं करतो.

ते वाक्य 1829 मध्ये अडखळलं. फ्रान्सचं न्यायखातं गुन्ह्यांचे वार्षिक आकडे छापू लागलं होतं. आंद्रे-मिशेल गेरी हा वकील आणि आद्रियानो बाल्बी हा व्हेनिसचा भूगोलतज्ज्ञ, या दोघांनी एकाच कागदावर तीन नकाशे छापले: माणसांविरुद्धचे गुन्हे, मालमत्तेविरुद्धचे गुन्हे आणि शिक्षण. शिक्षणात पुढे असलेला ईशान्य फ्रान्स चोऱ्यामाऱ्यांतही पुढे निघाला! मला हा कागद द्युपँच्या नकाशापेक्षा मोठा वाटतो. एकटा नकाशा बघणाऱ्याची समजूत पक्की करतो. शेजारी दुसरा ठेवला की ती तपासावी लागते.

अर्थात शिकलेली माणसंच चोऱ्या करत होती, असंही यातून निघत नाही. छटा अख्ख्या जिल्ह्याची असते. श्रीमंत शहरांत शाळाही जास्त आणि चोरण्याजोगा ऐवजही जास्त.

गेरीने 1833 मध्ये यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यात मध्य फ्रान्समधला क्रूझ हा जिल्हा मोठा गमतीचा आहे. साक्षरतेत मागे, पण दोन्ही प्रकारच्या गुन्ह्यांत देशात सर्वांत कमी. नकाशावर अगदी गुणी बाळ. मात्र क्रूझचे हजारो गवंडी दर वसंतात बांधकामावर पॅरिसला जायचे आणि हिवाळ्यात घरी परतायचे. आपल्या कोकणातल्या चाकरमान्यांसारखेच. म्हणजे तरणीताठी माणसं वर्षातले कितीतरी महिने जिल्ह्यात नसायचीच. त्यांच्यातल्या कुणी पॅरिसमध्ये हात मारला, तर खटला तिथेच उभा राहणार आणि नकाशावर काळं होणार ते पॅरिस.