'रेक्टर' : एका पदनामाचा ऐतिहासिक मागोवा

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन व्यवहारात 'रेक्टर' म्हणजे वसतिगृहाचा प्रमुख. विद्यार्थ्यांची हजेरी, भोजनगृहाच्या तक्रारी, रात्री दार बंद करण्याची वेळ हे त्याचे कार्यक्षेत्र; बहुधा एखाद्या प्राध्यापकाकडे सोपविलेली ही जादा जबाबदारी असते. युरोपातील अनेक देशांत मात्र याच नावाने संपूर्ण विद्यापीठाचा प्रमुख ओळखला जातो. हा फरक केवळ दर्जाचा नाही. रेक्टरला अधिकार कोणाकडून प्राप्त होतो, हा प्रश्न या पदाच्या इतिहासात वारंवार उभा राहिलेला दिसतो.

'रेगेरे' म्हणजे सरळ नेणे, शासन करणे. या लॅटिन क्रियापदापासून हा शब्द सिद्ध झाला असून संस्कृतमधील 'राजन्' व 'ऋजु' हे त्याचे दूरचे आप्त मानले जातात. उत्तरकालीन रोमन साम्राज्यात प्रांताच्या शासकास रेक्टर म्हणत. पुढे चर्चने हे नाव स्वीकारले. इंग्लंडमध्ये पॅरिशचा संपूर्ण धर्मदशमांश ज्याच्या वाट्यास येई तो धर्मगुरू रेक्टर, तर त्याचा काही भागच मिळणारा तो व्हिकर.

विद्यापीठीय रेक्टरचा उगम बोलोन्या येथे शोधावा लागतो. तेथे कायद्याच्या अध्ययनासाठी दूरदूरहून आलेले विद्यार्थी त्या नगराचे नागरिक नव्हते. त्यामुळे नगराच्या कायद्याचे संरक्षण त्यांना नव्हते. म्हणून त्यांनी स्वतःचे संघ स्थापन केले व आपल्यातूनच रेक्टर निवडले. चौदाव्या शतकातील नियमांनुसार रेक्टर अविवाहित, किमान चोवीस वर्षांचा आणि पाच वर्षे कायद्याचे अध्ययन केलेला असावा लागे. प्राध्यापक या संघाचे सदस्य नसत. उलट त्यांनाच रेक्टरच्या आज्ञापालनाची शपथ घ्यावी लागे. व्याख्यान उशिरा सुरू केले किंवा घंटेनंतर लांबविले तर दंड, आणि गावाबाहेर जायचे तर परवानगी! तासिकेची नोंदवही भरणाऱ्या आजच्या अध्यापकास हे वाचताना क्षणभर हसू येईल. मात्र त्या काळी प्राध्यापकांची प्राप्ती प्रामुख्याने विद्यार्थ्यांच्या शुल्कावर अवलंबून होती. पुढे नगरसंस्था वेतन देऊ लागली, तशी विद्यार्थ्यांची ही सत्ता ओसरत गेली. पॅरिसमध्ये चित्र निराळे होते. तेथे कला शाखेतील अध्यापकांच्या चार 'राष्ट्रां'मार्फत अल्प मुदतीसाठी रेक्टर निवडला जाई व कालांतराने तोच सर्व विद्यापीठाचा प्रमुख ठरला.

सोळाव्या शतकात जेझुइट संघाने आपल्या कॉलेजांच्या प्रमुखास हेच नाव दिले, परंतु निवडणूक वगळली. हा रेक्टर संघाच्या वरिष्ठांनी नेमलेला असे. मराठी मुलखाशी या पदनामाचा प्राचीन संबंध येतो तो याच मार्गाने. 'क्रिस्तपुराण'कार फादर थॉमस स्टीफन्स गोव्यातील साष्टीच्या कॉलेजचे रेक्टर होते.

निवड आणि नेमणूक यांतील भेद किती निर्णायक ठरू शकतो, हे जर्मनीत दिसून आले. एप्रिल १९३३ मध्ये तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांना फ्रायबुर्गच्या प्राध्यापकांनी रेक्टर म्हणून निवडले. त्याच वर्षी बाडेन राज्याने ही निवडणूकपद्धतीच मोडीत काढली आणि १ ऑक्टोबरपासून रेक्टर हा शासनाने नेमलेला, विद्यापीठाचा 'फ्युरर' झाला. हायडेगर यांनी १९३४ मध्ये पद सोडले, तरी त्या काळातील त्यांच्या वर्तनाविषयीचा वाद अद्याप शमलेला नाही. ज्या पद्धतीने ते निवडून आले, ती त्यांच्याच कारकिर्दीत नाहीशी झाली, ही बाब या वादात काहीशी दुर्लक्षित राहते.

बोलोन्याची परंपरा टिकली ती स्कॉटलंडमध्ये. १८५८ च्या कायद्याने तेथील विद्यार्थ्यांनी निवडलेल्या रेक्टरला 'युनिव्हर्सिटी कोर्ट' या नियामक सभेचे अध्यक्षस्थान दिले. एडिंबरोचे असे पहिले रेक्टर ग्लॅडस्टन (१८५९). ग्लासगोच्या विद्यार्थ्यांनी १९६२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदविरोधी नेते अल्बर्ट लुथुली यांना निवडले, तेव्हा ते सरकारी निर्बंधांमुळे तेथे जाऊही शकत नव्हते. एडिंबरोत १९७२ मध्ये गॉर्डन ब्राउन विद्यार्थी असतानाच रेक्टर झाले. पुढे ते ब्रिटनचे पंतप्रधान झाले.

मुंबई विद्यापीठातही विसाव्या शतकाच्या मध्यास कुलगुरूंच्या खालोखाल रेक्टरपद होते, जी. डी. पारीख यांनी ते भूषविले. ते पद लोपले, आणि मराठीत 'रेक्टर' उरला तो वसतिगृहापुरता. त्याची नेमणूक आजही प्राचार्यांच्या वा संस्थेच्या आदेशानेच होते.