मिठाचे घर

दिवाळीच्या पहाटे थंडी अंगाला झोंबू लागली, की आमच्या वर्गात एखादा मुलगा हमखास विचारतो, "गुरुजी, दुपारचे ऊन डब्यात भरून ठेवता आले तर?" मुले हसतात. पण वाचकहो, एका बाईने खरोखरच ऊन डब्यात भरले होते!

मारिया टेल्केश हे त्यांचे नाव. जन्म १९०० सालचा, बुडापेस्टचा, कर्मभूमी अमेरिका. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर अडकलेल्या खलाशांसाठी उन्हावर खारे पाणी गोडे करण्याचे साधन त्यांनी बनविले. युद्ध सरले आणि त्यांनी घराचा ध्यास घेतला. मॅसॅच्युसेट्समधील डोव्हर गावी १९४८ साली ते घर उभे राहिले. आराखडा एलिनॉर रेमंड यांचा, पैसा शिल्पकार अमेलिया पीबडी यांचा आणि शास्त्र टेल्केशबाईंचे. तिघीही स्त्रिया!

वरच्या मजल्यावर दक्षिणेला अठरा खिडक्यांची रांग, काचांमागे काळे पत्रे. तेथे तापलेली हवा पंखे खोल्यांमधल्या कोठ्यांत नेत. कोठ्यांत होते सुमारे २१ टन ग्लॉबरचे मीठ. हे मीठ ३२ अंशांवर वितळते. वितळताना उष्णता पोटात घेते आणि गोठताना परत देते. फळ्यावर आम्ही शिकवितो, तीच ही अप्रकट उष्णता.

बाईंच्या नात्यातले एक कुटुंब तेथे राहिले. दोन हिवाळे भट्टीवाचून निभावले. तिसऱ्यात मात्र मीठ फितूर झाले. पुनःपुन्हा वितळून त्याचा साका तळाशी बसला, पाणी वर राहिले, डबे गंजून गळू लागले. अखेर घरात भट्टी आली.

मग सारे फुकटच गेले काय? १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि जग पुन्हा या वाटेकडे वळले. कॅनडातील रेजायना शहरात पारा उणे तीसच्याही खाली जातो. तेथे १९७७ साली बिनभट्टीचे घर बांधले गेले. त्याच्या भिंती जाड आवरणाच्या, फटी बुजविलेल्या. बाहेर जाणारी शिळी हवा आपली ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देऊन जाई. छपरावरची महागडी सूर्ययंत्रे पुढे काढून टाकली, पण घराची ऊब टिकली. आधी घागरीचे भोक बुजवा, मग पाणी भरा, हे त्या घराने शिकविले. वर्षभरात लागेल तेवढी ऊर्जा स्वतःच निर्माण करणारी आजची 'निव्वळ शून्य' घरे याच पायावर उभी आहेत. आधी गरज घटवायची, मग उरलेली उन्हावर भागवायची. आपल्याकडे हाच हिशेब उलटा मांडायचा. ऊब राखायची नाही, ऊन बाहेर थोपवायचे. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती तेच करीत.

टेल्केशबाईंनी मीठ सोडले नाही. १९७३ साली डेलावेअर विद्यापीठाच्या सूर्यगृहात त्यांचे क्षार पुन्हा कामाला लागले. गणिताचे उत्तर चुकले, पण रीत बरोबर असली, तर आम्ही मास्तर मंडळी गुण देतो. डोव्हरच्या त्या घराला मी तसेच गुण देईन, आणि हात जरा सैल सोडूनच!